चौरंग लहान, कपाट मोठे

बिदर येथे महमूद गवान याने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाच्या ग्रंथसंग्रहात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. संग्रह एवढा मोठा असला, तरी वाचणाऱ्यापुढील चौरंगावर एका वेळी दोनचार ग्रंथच मावणार. नवा ग्रंथ हवा असेल तर आधीचा एक कपाटात परत गेला पाहिजे. आणि परत पाठविलेला तोच ग्रंथ घटकाभराने पुन्हा लागला, तर दोन्ही खेपा फुकट. संगणकाच्या स्मरणकोशाचा इतिहास हा ह्याच खेपांचा हिशेब आहे. त्वरेने चालणारा कोश महाग म्हणून लहान, आणि मोठा कोश स्वस्त म्हणून मंद, ही अडचण तेथे प्रारंभापासून आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला संगणक १९६० मध्ये रीतसर कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मरणकोशात अवघे २,०४८ शब्द मावत. शब्द म्हणजे ४० द्विमान अंकांचा एक गट. कोशात न मावणाऱ्या गणिताचे तुकडे पाडणे आणि कोणता तुकडा केव्हा आत आणावयाचा हे ठरविणे, हे काम त्या काळी बहुधा गणित मांडणाऱ्याच्याच माथी येई.

हे ओझे यंत्रानेच उचलावे, ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘ॲटलस’ संगणकात १६,३८४ शब्दांचा जलद कोश होता, आणि त्याच्या सहापट मोठा, फिरता चुंबकीय ढोल. ढोलावरून माहिती आणावयास हजारो पटींनी अधिक वेळ लागे. म्हणून माहितीची ५१२ शब्दांची पाने पाडली गेली. जलद कोशात अशी ३२ पाने मावत. परंतु एक जागा मुद्दाम रिकामी ठेवीत. त्यामुळे हवे असलेले पान तत्काळ आत येऊ शके आणि ते येत असतानाच बाहेर धाडावयाचे पान निवडता येई. बत्तिसावा हिस्सा जागा खर्चून वेळ विकत घेतला गेला. पुढील सारे व्यवहार ह्याच जातीचे आहेत.

बाहेर कोणते पान धाडावे? जे सर्वांत उशिरा पुन्हा लागेल ते, हे उत्तर लास्लो बेलाडी यांच्या १९६६ मधील अभ्यासाने पुढे ठेवले. परंतु त्यासाठी भविष्य कळावे लागते. यंत्रास कळतो तो भूतकाळ: कोणते पान नुकतेच वापरले, कोणते पडून आहे. ही नोंद बारीक ठेवावी तर कारकुनीच वाढते. ढोबळ ठेवावी तर भलतेच पान बाहेर जाते. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी दुसरा धोका उलगडून दाखविला. एका यंत्रावर कामे वाढवीत गेल्यास प्रत्येक काम दुसऱ्याचे पान बाहेर ढकलू लागते, आणि यंत्र केवळ पानांची ने-आण करीत बसते. ज्या कामाला त्याची नित्य लागणारी पाने मिळणार नाहीत, ते सुरूच करू नये, हा त्यांचा उपाय. म्हणजे कोणाला तरी थांबविणे आलेच.

आज हे निर्णय कार्यप्रणालीचा गाभा घेतो. १९९१ पासून वाढत आलेला लिनक्स हा असाच एक गाभा असून अँड्रॉइड फोन त्याच्यावर चालतात. त्यात २०११ पासून सुमारे २० लक्ष बाइटांची मोठी पाने आपोआप देण्याची सोय झाली. मोठ्या पानांमुळे पत्ते शोधण्याचे श्रम वाचतात. पण अर्धवट भरलेल्या पानांत जागा वाया जाते. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा दोष उघड झाला, तेव्हा गाभ्याची पाने इतर कामांच्या दृष्टीआड करावी लागली. सुरक्षितता लाभली, गाभ्याकडे जाणारी प्रत्येक खेप मात्र महागली.

भालकी, बसवकल्याण, आळंद ह्या सीमाभागात पुष्कळ घरांत संगणक म्हणजे हातातला स्वस्त फोन. त्याचा स्मरणकोश लहान. गाभा काही पाने दाबून, घडी घालून ठेवतो. त्यात यंत्राचे श्रम आणि विजेचा साठा खर्ची पडतो. तेही पुरेनासे झाले, की मागे पडलेले काम तो बंद करतो. विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता निरोप पाहावयास दुसरीकडे जातो, आणि परत येतो तो अर्ज कोरा! आपलेच काही चुकले असे त्यास वाटते. वास्तविक चौरंग लहान होता, आणि नव्या कामास जागा देण्यासाठी त्याचे पान उचलले गेले. म्हणून असे अर्ज तयार करणाऱ्यांनी ते सर्वांत लहान फोनवर पारखून घ्यावेत, आणि भरलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी जतन होईल अशी तजवीज करावी.