वाचकाच्या निवडीची साठवण : जालपृष्ठांतील विजेटांचा एक ऐतिहासिक विचार

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत वसली आहे, तीत चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग मोठ्या संख्येने चालतात. हे महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाची मान्यता २००५-०६ मध्ये मिळाली. सोलापुरी चादरीची खरी ओळख तिच्या वजनात आहे तशीच तिच्या नक्षीत आहे, आणि ही नक्षी जॅकार्ड यंत्रणेने उमटते. फ्रान्समधील ल्याँ येथील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत पुठ्ठ्याच्या कार्डांची एक साखळी असते. कार्डात जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले ताण्याचे सूत उचलले जाते. छिद्र नसेल तेथे सूत खालीच राहते. मोर हवा की फूल, हे मागाला ठाऊक नसते. ते कार्डांना ठाऊक असते. पुढील काळात छिद्रांच्या कार्डांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घेऊ लागली. परंतु मूळ कल्पना तीच राहिली.

या यंत्रणेचे ऐतिहासिक महत्त्व असे की, तिने निवड ही यंत्रापासून वेगळी करून साठविता येते हे दाखवून दिले. ही साठवण कोठे आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि ती बदलावयाची कशी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कार्डांच्या मागावर डोळ्यांना दिसत असत. मागावर टांगलेली साखळी उतरवून दुसरी चढविली की निवड बदलली. संगणकाच्या जाळ्यावर वाचकाची निवड जेव्हा साठविली जाऊ लागली, तेव्हा हेच तीन प्रश्न पुन्हा उद्भवले. मात्र त्यांची उत्तरे दृष्टीआड गेली. त्या स्थित्यंतराचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विजेट म्हणजे काय

वरील वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे जालपृष्ठ उदाहरणादाखल कल्पावे. त्यात मालाची माहिती कारखान्याची स्वतःची असते. परंतु पत्ता दाखविणारा नकाशा, माग चालतानाची चित्रफीत आणि मजकूर अन्य भाषेत वाचण्याची सोय ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवरून येते. पृष्ठात असे बसविलेले उपरे साधन म्हणजे विजेट. पृष्ठ हे यजमान आणि विजेट हा पाहुणा, असे म्हटले असता पुढील विवेचन सुकर होईल.

सोलापुरात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात. विणकाम करणाऱ्या पद्मशाली समाजाने तेलुगू आपल्याबरोबर आणली, तर अक्कलकोट तालुका कर्नाटकाला लागून असल्यामुळे तेथे कन्नडचा वावर सहज आहे. अशा ठिकाणी ‘मला हे माझ्या भाषेत दाखवा’ ही वाचकाची पहिली निवड होय. ती एकदा सांगितल्यावर लक्षात राहावी, ही अपेक्षाही स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

२. विस्मरणशील जाळे आणि बिल्ला

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्याचा व्यवहार मुळातच विस्मरणशील होता. वाचकाने पृष्ठ मागावे, सर्व्हरने ते द्यावे आणि दोघांनीही तो प्रसंग विसरावा, अशी ती रीत होती. हा दोष नव्हता. या रीतीमुळेच जाळे साधे आणि विस्तारक्षम राहिले. परंतु खरेदी-विक्री सुरू होताच ही विस्मृती अडचणीची ठरली. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली याने १९९४ मध्ये त्यावर उपाय शोधला. सर्व्हरने ब्राउझरजवळ एक लहानशी चिठ्ठी ठेवावयाची आणि ब्राउझरने पुढील प्रत्येक भेटीत ती परत दाखवावयाची, असा तो उपाय होता. या चिठ्ठीस संगणकशास्त्रात आधीपासून रूढ असलेल्या एका संज्ञेवरून कुकी हे नाव मिळाले.

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याकडून मिळणारा बिल्ला हे कुकीचे जवळचे उपमान होय. बिल्ल्यावरील आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो देणाऱ्यालाच कळतो. परंतु कुकीचा आणखी एक प्रकार संभवतो. तिच्यात आकड्याऐवजी निवडच लिहिता येते, जसे ‘भाषा : मराठी’. पहिला प्रकार व्यक्ती ओळखतो. दुसरा केवळ इच्छा नोंदवितो. ओळख आणि निवड यांतील हा भेद पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

३. तिऱ्हाइताची चिठ्ठी

कुकी ज्या सर्व्हरने दिली त्यालाच ती परत दाखवावी, असा मूळ नियम होता. वरवर पाहता तो निर्दोष होता. परंतु यजमानाच्या पृष्ठात पाहुणा येऊन बसला, की त्यालाही स्वतःची चिठ्ठी ठेवता येऊ लागली. डिसेंबर १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ४.० मध्ये आयफ्रेम, म्हणजे पृष्ठातील पृष्ठ, यास स्थान मिळाले आणि पाहुण्यांची ये-जा सुलभ झाली.

याचा लाभ उघड होता. एका पृष्ठावरील विजेटात वाचकाने मराठी निवडली, की तेच विजेट शंभर अन्य पृष्ठांवर मराठीतच उघडावे, हे तिऱ्हाइताच्या कुकीने साधत असे. पण ज्या चिठ्ठीमुळे पाहुणा वाचकाची भाषा सर्वत्र लक्षात ठेवी, त्याच चिठ्ठीमुळे वाचक कोणकोणत्या घरी गेला हेही त्याला कळे. सोय आणि पाळत ही येथे एकाच यंत्रणेची दोन फळे होत. एक ठेवून दुसरे छाटणे त्या रचनेत शक्य नव्हते.

हा धोका जाणकारांनी लवकरच ओळखला होता. डेव्हिड क्रिस्टॉल आणि मोंटुली यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुकीविषयक पहिल्या औपचारिक संहितेत तिऱ्हाइताच्या कुकी मुळातच बंद असाव्यात, अशी भूमिका घेतली होती. तत्कालीन दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ती मानली नाही, कारण जाहिरातीचा व्यवसाय तोवर या कुकींवर उभा राहिला होता. २०११ च्या नव्या संहितेने हा निर्णय ब्राउझरांवरच सोपविला. लिखित नियम आणि रूढ व्यवहार यांच्या संघर्षात रूढीचा विजय होतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. तोच न्याय येथे दिसून येतो.

४. दार लागते

दार लावण्याचे काम अखेर ब्राउझरांनीच केले. ॲपलच्या सफारीने २०१७ मध्ये तिऱ्हाइताच्या कुकींवर कडक मर्यादा घातल्या आणि मार्च २०२० मध्ये त्या पूर्णतः रोखल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक यजमानामागे पाहुण्याला वेगळा कप्पा देण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. गूगलच्या क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत या कुकी बंद करण्याचे जाहीर केले, मुदत अनेकदा पुढे ढकलली, २०२४ च्या आरंभी एक टक्का वापरकर्त्यांवर प्रयोग केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो बेत सोडून निवड वापरकर्त्यांकडेच राहू दिली. तथापि पाहुण्याच्या अन्य साठवणीचे कप्पे यजमानागणिक वेगळे करण्याची रीत क्रोमनेही २०२३ मध्ये स्वीकारली.

परिणामी पाहुणा प्रत्येक घरी नवखा ठरू लागला. त्याला आपली जुनी आठवण हवी असेल, तर ब्राउझरमार्फत अनुमती मिळवावी, अशी सोय सफारीने २०१८ मध्ये केली. पाळतीला आळा बसला. पण त्याबरोबर निरुपद्रवी निवडही विसरली जाऊ लागली. कारण ब्राउझरला अर्थ कळत नाही, त्याला केवळ अक्षरे दिसतात. ‘एमआर’ ही मराठीची दोन अक्षरी प्रमाणित खूण लक्षावधी वाचकांत समान असते, म्हणून ती एकटी कोणाची ओळख पटवू शकत नाही. लांबलचक अनन्य आकडा मात्र एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितो. ब्राउझरच्या लेखी दोन्ही सारखीच अक्षरे असल्यामुळे दोन्हींना एकच दंड झाला.

५. निष्कर्ष

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. निवड साठविणे हा अपराध नव्हता. ती तिऱ्हाइताच्या घरी साठविणे ही चूक होती. गूगलच्या भाषांतर विजेटाने भाषेची निवड यजमानाच्याच नावे लिहिलेल्या कुकीत ठेवली. त्यामुळे ती त्या एका स्थळापुरती राहते, पण तेथे ती टिकते आणि तिच्यासाठी तिऱ्हाइताला आपली कुकी सर्वत्र मिरवावी लागत नाही. तसेच चित्रफीत किंवा नकाशा पृष्ठात बसविताना त्याच्या पत्त्यातच भाषेची खूण लिहिता येते. म्हणजे वाचकाची निवड यजमानाने स्वतःच्या घरी सांभाळावी आणि पाहुण्याला दाराशीच सांगावी, हा मार्ग उपलब्ध आहे.

भारतापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वैयक्तिक अंकीय विदा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने संमतीची सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याचे बंधन घातले आहे. सोलापूरच्या चारही भाषा त्या अनुसूचीतील बावीस भाषांत आहेत. संमती समजण्यासाठी भाषा हवी आणि भाषा लक्षात ठेवण्यासाठी साठवण हवी, असा हा क्रम आहे. तेव्हा भाषेची निवड ही पाळतीच्या साधनांत न मोजता तिला स्वतंत्र आणि साधे स्थान देणे इष्ट ठरते.

कार्डांच्या मागावर जे तीन प्रश्न उघड्या डोळ्यांनी सुटत असत, ते पृष्ठ रचणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे आहेत : निवड कोठे आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे, आणि वाचकाला ती बदलता येते काय. अक्कलकोट रस्त्यावरील विणकराची नक्षी त्याच्या मागाजवळ असे; वाचकाची भाषाही तो ज्या घरी आला आहे तेथेच असावी.