कवडी आणि पाणमांजर

बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या वर्गात विचारून पाहा : समुद्रातला प्राणी तुमच्या घरी आहे का? मुले हसतील. पण तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातली कवडी म्हणजे एका सागरी गोगलगाईचे कवचच. पाणमांजर मात्र गोड्या पाण्यातही राहते. मासे धरते आणि काठावरच्या बिळात पिले वाढवते. या दोन प्राण्यांचा इतिहास आपण शेजारी ठेवून पाहू.

कवडी मुख्यतः मालदीव बेटांवरून येई. १३४३ च्या सुमारास तिथे पोहोचलेल्या इब्न बतूताने तिची रीत नोंदवली आहे : गोगलगाई किनाऱ्यावरच्या खड्ड्यात टाकायच्या, मांस कुजले की कवच उरते. बंगालमध्ये ते तांदळाच्या बदल्यात जाई. तिथला हिशेब असा : चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन, चार काहनांचा रुपया. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या! अठराव्या शतकात सिल्हेटचा सारा कवड्यांतच भरला जाई.

कवडी का चालली? ती कुजत नाही, सहज मोजता येते आणि तिची नक्कल करणे कठीण. सर्वांत लहान नाणे म्हणूनच आपल्या भाषेत ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ आले.

पाणमांजराची किंमत होती त्याच्या दाट केसांत. १७४१ च्या बेरिंगच्या मोहिमेतले खलाशी उत्तर प्रशांत महासागरातून त्याच्या समुद्री भाऊबंदाची कातडी घेऊन परतले आणि शिकारीची झुंबड उडाली. १९११ मध्ये करार होऊन शिकार थांबली, तेव्हा लाखांच्या घरातल्या या प्राण्यांपैकी जेमतेम दोन हजार उरले असावेत.

जीव दोघांचेही गेले. मग फरक कुठे पडला? कवडीची मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. समुद्री पाणमांजराला बहुधा एकच पिलू होते. बाजार भाव विचारतो, जन्मदर विचारत नाही. जो प्राणी सावकाश वाढतो, त्याला चांगला भाव मिळणे हेच संकट ठरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणमांजराला संरक्षण दिले. नीरा आणि भीमा जिथे मिळतात, त्या नीरा-नरसिंहपूरला सहल नेलीत तर मुलांपुढे एक प्रश्न ठेवा : जिवंत पाणमांजराची किंमत कोणत्या नाण्यात मोजायची?