धुरा आणि सर्व्हर

चिखलीत (जि. बुलढाणा) घरी बसून एका पुण्याच्या सर्व्हरवर काम करायचो, तेव्हा एकदा दुसऱ्याच क्लायंटची फाईल उडाली. पहिला संशय कोणावर? बाहेरून लॉगिन करणाऱ्यावर! कारण सगळ्यांची फोल्डरं मला उघडता येत होती.

मग चिडून इतिहास धुंडाळला. सीएचरूट हा सिस्टम कॉल १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मधला. प्रोसेसला एक फोल्डर दाखवायचं आणि सांगायचं, हेच तुझं मूळ. वरचं काही दिसतच नाही. पण रूटचे हक्क असलेली प्रोसेस त्यातून निसटू शकते. म्हणून २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग कॅम्प यांचं 'जेल' आलं. ओपनएसएसएचमध्ये आयती सोय व्हायला मात्र २००८ उजाडलं. अट अशी की ते फोल्डर रूटच्याच मालकीचं हवं, इतरांना त्यात लिहिता येता कामा नये. लिहायला आत वेगळं फोल्डर द्यायचं.

हा अविश्वास वाटतो ना? मलाही वाटायचा. पण आमच्याकडे दोन शेतांमध्ये धुरा असतो. तो स्पष्ट असला की पीक कमी भरलं म्हणून शेजाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. त्या दिवशी सर्व्हरवर धुरा असता, तर माझ्यावरचा आळ पाच मिनिटांत गेला असता.

असो.