‘अंधश्रद्धा’ची कुळकथा

‘अंधश्रद्धा’ हा शब्द आज इतका रुळला आहे, की तो संतांच्या काळापासून चालत आला असावा असं वाटतं. पण नवसांवर आणि शेंदूर फासलेल्या दैवतांवर तुकोबांनी कोरडे ओढले, ते या शब्दावाचून. घरातल्या बोलीला तर त्याची गरजच नव्हती. आजीला देवभोळी म्हणताना त्यात माया असायची, शेजाऱ्याचं खूळ म्हणताना चीड. ‘अंधश्रद्धा’ म्हटलं, की सरळ आरोप होतो.

तो तोंडोतोंडी झाला चळवळीमुळे. 1982 मध्ये श्याम मानव यांची अखिल भारतीय आणि 1989 मध्ये नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. ‘अंनिस’ ही अक्षरं गावच्या पारावर पोचली. त्याबरोबर वादही आला, कारण शब्दाच्या पोटातच ‘श्रद्धा’ बसलेली. आमची ती श्रद्धा आणि त्यांची ती अंधश्रद्धा, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

जटेचंच पाहा. न विंचरलेल्या, नीट न धुतलेल्या केसांचा गुंता होतो, मळ धरतो, घट्ट होतो. घरचे म्हणतात, यल्लम्मा देवीचं बोलावणं आलं. कात्री लावली तर कोप होईल. मान आखडते, डोक्याला उवा होतात, तरी बाई वर्षानुवर्षं ते ओझं वागवते. तिला ‘ही अंधश्रद्धा आहे’ असं सुनावून जट सुटत नाही, उलट ती आणखी धास्तावते, असं माझं मत आहे. तिच्या मानेच्या दुखण्याची चौकशी करणारा माणूसच कात्रीपर्यंत पोचू शकतो.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, ‘अंधश्रद्धा’ नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना कायदा हात लावत नाही. तो कृत्यं मोजतो: भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं. साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता गंडेदोरे बांधत बसणं हा गुन्हा ठरवायला बांधणाऱ्याच्या मनातली श्रद्धा डोळस की आंधळी, हे तपासावं लागत नाही.