स्टील गिटार ॲम्प्लिफायर

स्टील गिटार ॲम्प्लिफायर हे स्टील गिटारच्या, विशेषतः पेडल स्टील गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून तो स्पीकरद्वारे ऐकवणारे उपकरण आहे. रॉक संगीतातील गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनीचे विरूपण अनेकदा मुद्दाम आणले जाते. स्टील गिटारवादकाला बहुधा याच्या उलट हवे असते: मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणारा स्वर. या अपेक्षेमुळे हे ॲम्प्लिफायर शक्तिशाली आणि परिणामी जड होत गेले. डी वर्गाचे विवर्धन, स्विचिंग वीजपुरवठा आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर उपलब्ध झाल्यानंतर साधारण १० किलो वजनाचा ॲम्प्लिफायर बांधणे शक्य झाले. असे संच काही कंपन्या विकतात, तर काही वादक व तंत्रज्ञ स्वतःच्या गरजेनुसार तयार करतात.

पार्श्वभूमी

स्टील गिटार मूळची हवाई बेटांवरील. मांडीवर किंवा स्टँडवर आडव्या ठेवलेल्या या वाद्याच्या तारांवरून धातूचा दांडा सरकवून स्वर काढले जातात. भारतात ती ‘हवाईयन गिटार’ या नावाने परिचित आहे. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून लोकप्रिय होत्या.

विद्युत गिटारचा इतिहासच मुळात स्टील गिटारपासून सुरू होतो. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी लॅप स्टील १९३२ मध्ये विक्रीस आली. लिओ फेंडर यांनीही १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत लॅप स्टील आणि तिचे ॲम्प्लिफायर यांपासूनच वाद्यनिर्मितीला सुरुवात केली.

पेडल दाबून तारांचा ताण वाजवतानाच बदलण्याची पद्धत १९५४ च्या सुमारास अमेरिकन कंट्री संगीतात रुजली. वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यातील बड आयझॅक्स यांचे वादन त्याचे आरंभीचे गाजलेले उदाहरण होय. त्याच दशकात बॉब क्रुक्स यांच्या स्टँडेल ॲम्प्लिफायरमध्ये जेबीएल कंपनीचा डी १३० हा १५ इंची स्पीकर बसवला जाई आणि स्पीडी वेस्ट यांच्यासारखे स्टीलवादक तो वापरत. पुढे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब (८५ वॅट, वजन सुमारे २९ किलो) आणि १९७० च्या दशकात पीव्ही कंपनीचा ट्रान्झिस्टरवर चालणारा सेशन ४०० हे स्टीलवादकांमध्ये विशेष प्रचलित झाले. दोन मानांची पेडल स्टील गिटार स्वतःच जड असते. तिच्यासोबत असा ॲम्प्लिफायर वाहून नेणे, विशेषतः उतारवयातील वादकाला, कठीण जाते.

शक्तीची गरज

पेडल स्टीलवादकाचा उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना तो पेडल अर्धवटच उघडे ठेवतो आणि स्वर विरू लागला की हळूहळू अधिक उघडतो. त्यामुळे स्वर लांबतो. या वाद्याचा ओळखीचा, न तुटणारा नाद यातूनच निर्माण होतो. मात्र पेडल बरेच उघडे असतानाच पुढची तार जोरात छेडली गेली, तर संकेत एकाएकी कित्येक डेसिबेलने वाढतो. डेसिबेलची मोजपट्टी लघुगणकी असल्याने १० डेसिबेलची वाढ म्हणजे दहापट शक्ती आणि २० डेसिबेलची वाढ म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी २ वॅटवर वाजणाऱ्या ॲम्प्लिफायरला क्षणभर का होईना, २०० वॅट पुरवावे लागतात.

ही शक्ती न मिळाल्यास तरंगाचे माथे कापले जातात. एकेकटा स्वर वाजत असताना हे खपून जाते, परंतु स्टील गिटारवर बहुधा दोन-तीन स्वर एकत्र वाजतात व त्यांतील एखादा पेडलने सरकत असतो. विरूपणामुळे या स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे परके स्वर उत्पन्न होतात, आणि कानाने नेमका लावलेला मेळ गढूळ होतो. म्हणूनच ‘कमी वॅट म्हणजे कमी वजन’ हा सोपा मार्ग येथे फारसा उपयोगी पडत नाही. वजन शक्तीत नव्हे, तर शक्ती निर्माण करण्याच्या पद्धतीत कमी करावे लागते.

वजन कोठे असते

जुन्या ॲम्प्लिफायरचे वजन तीन ठिकाणी साठलेले असते: ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा चुंबक आणि लाकडी पेटी.

ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचा आकार विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. घरगुती पुरवठा अमेरिकेत ६० व भारतात ५० हर्ट्झचा असल्याने गाभा मोठा लागतो. स्विचिंग वीजपुरवठ्यात प्रथम प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करून ती हजारो वेळा प्रति सेकंद चालू-बंद केली जाते. इतक्या उच्च वारंवारतेला तळहातावर मावणारा फेराइट गाभाही पुरतो. निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरला जोडणारा दुसरा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्झिस्टरच्या रचनेत त्याची गरज उरत नाही.

डी वर्गाच्या विवर्धकात ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतात व चालू राहण्याच्या कालावधीत संकेत दडलेला असतो. शेवटी कुंडल आणि धारित्र यांच्या गाळणीतून मूळ तरंग परत मिळवला जातो. बी वर्गाची सैद्धांतिक कार्यक्षमता जास्तीत जास्त ७८.५ टक्के असते, तर डी वर्गात प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचता येते. उष्णता कमी असल्याने जाड पंखांचा उष्णताशोषक लागत नाही. बहुधा ॲल्युमिनियमची चासीच ते काम करते. डेन्मार्कच्या आइसपॉवर कंपनीची वीजपुरवठ्यासह एकाच पट्टीवर येणारी मॉड्यूल अशा बांधणीत वापरता येतात.

निओडिमियम चुंबक त्याच शक्तीच्या फेराइट चुंबकाच्या मानाने फारच लहान असतो. मोठ्या फेराइट चुंबकाचा १५ इंची स्पीकर ७ ते ९ किलोंचा असू शकतो, तर निओडिमियमचा १२ इंची स्पीकर २ ते ३ किलोंत बसतो. साधारण प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे शक्ती गमावू लागतात, त्यामुळे स्पीकरमागे हवा खेळती ठेवावी लागते.

स्पीकर व पेटी

स्पीकर निवडताना वजनाइतकेच त्याच्या संवेदनशीलतेकडे पाहावे लागते आणि नवख्या बांधणाऱ्याकडून नेमके हेच राहून जाते. १ वॅटला १ मीटर अंतरावर १०० डेसिबेल देणारा स्पीकर १०० वॅटवर जेवढा आवाज करतो, तेवढ्यासाठी ९७ डेसिबेलच्या स्पीकरला २०० वॅट लागतात. संवेदनशील स्पीकर घेणे हा शक्ती वाढवण्याचा सर्वांत हलका उपाय आहे.

आकाराचा निर्णय स्वरजुळणीवर अवलंबून असतो. प्रचलित ई-९ जुळणीत सर्वांत खालची मोकळी तार सुमारे १२३ हर्ट्झची असते. तिला चांगला १२ इंची स्पीकर पुरेसा ठरतो. सी-६ जुळणीत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झपर्यंत उतरते, आणि तेथे १५ इंची स्पीकरचा भरीवपणा जाणवतो. एकच मान वाजवणाऱ्याने सवयीने १५ इंची स्पीकर वाहणे अनावश्यक म्हणता येईल.

पेटीचे गणित सोपे आहे. ४५ × ४५ × २८ सेंटिमीटरच्या, अर्धी पाठ उघडी असलेल्या पेटीला साधारण ०.८ चौरस मीटर फळी लागते. १८ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडमध्ये (घनमीटरला सुमारे ६८० किलो) तिचे वजन जवळजवळ १० किलो भरते. १२ मिलिमीटरच्या पॉपलर प्लायवूडमध्ये (सुमारे ४५० किलो) ते ४.३ किलोंवर येते. पातळ फळ्या कंप पावतात, म्हणून आतून आडव्या पट्ट्या चिकटवून त्या ताठ कराव्या लागतात. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती मात्र जाड ठेवणे श्रेयस्कर.

पूर्वविवर्धक

स्टील गिटारच्या पिकअपवर तारेचे वेढे खूप असतात व त्याचा इम्पिडन्स जास्त असतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरचा आदान इम्पिडन्स सुमारे १ मेगओहम ठेवला जातो. तो कमी असल्यास वरचे स्वर मंद होतात. नेहमीचे व्हॉल्यूम पेडलही ५०० किलोओहमचे असून तेही हाच भार टाकते. त्यावर उपाय म्हणून काही वादक पेडलच्या आधी एक बफर जोडतात.

पूर्वविवर्धकाने किती व्होल्टेज द्यायचे, हे अंतिम मॉड्यूलवर ठरते. ८ ओहमवर २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट. मॉड्यूलचे विवर्धन २० पट असेल, तर त्याला २ व्होल्ट पुरवावे लागतात. स्वरनियंत्रणात खालच्या व वरच्या पट्टीपेक्षा मधली पट्टी महत्त्वाची मानली जाते. पेडल स्टीलचा नाद ८०० हर्ट्झच्या आसपास नाकातून आल्यासारखा वाटू शकतो, म्हणून तेथील पातळी कमी करता येईल असे नियंत्रण पीव्हीच्या नॅशव्हिल ४०० मध्ये होते आणि नंतरच्या अनेक रचनांत आले. प्रतिध्वनीसाठी स्प्रिंगची पेटी वापरायची झाल्यास ती वीजपुरवठ्यापासून शक्य तितकी दूर ठेवावी लागते. जागा व वजन वाचवण्यासाठी अनेक जण डिजिटल प्रतिध्वनीचे मॉड्यूल बसवतात.

सुरक्षितता व चाचणी

आकाराने लहान असला तरी स्विचिंग वीजपुरवठा निरुपद्रवी नसतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आदान धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. चासी भूसंपर्कित असणे अत्यावश्यक आहे: वादकाचा हात धातूच्या दांड्यावर व तारांवर सतत असतो आणि त्या तारा पिकअपच्या केबलमार्फत याच चासीला जोडलेल्या असतात.

डी वर्गाच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये स्पीकरची दोन्ही टोके विवर्धित असतात, म्हणजे त्यांपैकी कोणतेही टोक शून्य व्होल्टवर नसते. अशा वेळी स्पीकरच्या जॅकची बाहेरची कडी चासीला लागू देता कामा नये. त्यासाठी विद्युतरोधक जॅक वापरतात. चाचणीच्या वेळी स्पीकरऐवजी ८ ओहमचा मोठ्या वॅटचा रोधक जोडला जातो. त्यावर ऑसिलोस्कोप लावताना भूसंपर्काची चिमटी निर्गम टोकाला लावल्यास मॉड्यूल तत्काळ जळू शकते, म्हणून दोन्ही टोकांचे स्वतंत्र मापन करून त्यांतील फरक घेतात. पेटीत बसवल्यावर सर्वांत खालची तार मोठ्या आवाजात वाजवून सैल स्क्रू आणि कंप पावणाऱ्या फळ्या शोधल्या जातात.