'कर्नाटिक' आगबोटीचे चौतीस तास

सुवेझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरांत खुला झाला, हें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतें. त्यापूर्वीं अवघे दोन महिने, मुंबईस येण्यास निघालेली एक टपालाची आगबोट तांबड्या समुद्राच्या उत्तर टोंकास बुडाली, हें मात्र क्रमिक पुस्तकांत नसतें.

त्या काळीं विलायतेहून येणारा उतारू अलेक्झांड्रियास उतरे, आगगाडीनें सुवेझ गांठी, आणि तेथें पी. अँड ओ. कंपनीच्या दुसऱ्या आगबोटीवर चढे. 'कर्नाटिक' ही अशीच एक बोट. शिडें व वाफ या दोहोंवर चालणारी. १२ सप्टेंबर रोजीं ती सुवेझहून निघाली, तेव्हां तिच्या पोटांत तांब्याचे पत्रे, सुती मालाचे गठ्ठे, टपाल व ४०,००० पौंडांचें नाणें होतें. त्याच मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ती अबू नुहास नांवाच्या पोवळ्यांच्या खडकावर चढली.

उजाडल्यावर पाहतां बोट स्थिर होती, आंत येणारें पाणी पंप उपशीत होते, शदवान बेट जवळच होतें. उतारूंनीं होड्या सोडण्याची विनवणी केली. परंतु कंपनीचीच 'सुमात्रा' बोट लौकरच त्या वाटेनें यावयाची होती. तिची वाट पाहावी, असें कप्तान जोन्स यानें ठरविलें. त्या सायंकाळीं बोटीवर नित्याप्रमाणें भोजनहि झालें! रात्रीं पाणी चढलें, बॉयलर विझले, पंप थांबले. तरी लोक बोटीवरच राहिले. १४ तारखेस सकाळीं अकराच्या सुमारास बायकामुलांस होड्यांत उतरविण्यास आरंभ होतो न होतो तोंच बोट दुभंगली. एकतीस माणसें बुडालीं. उरलेलीं शदवानास लागलीं व पुढें त्याच 'सुमात्रा'नें त्यांस उचललें.

चौकशी होऊन कप्तानाची सनद नऊ महिने तहकूब झाली. आमचें मत विचाराल तर, पहिल्या सकाळचा त्याचा निर्णय आम्ही दोषास्पद मानीत नाहीं. खडकालगतच्या पाण्यांत लहान होड्या लोटणें हेंहि धोक्याचेंच होतें. पण पंप थांबतांच त्या निर्णयाचा आधारच गेला होता, आणि तरीहि तो तसाच चालूं ठेवला गेला. ते एकतीस जीव आम्ही त्या रात्रीच्या हिशेबीं धरतों.

पुढें लौकरच शिरस्त्राणधारी पाणबुडे आणून नाणें वर काढण्यांत आलें. ३२,००० पौंड मिळाल्याचें जाहीर झालें. तांब्याचे पत्रे बरेचसे तेथील बदाऊनी लोकांनीं, केवळ श्वास कोंडून बुड्या मारून, वर आणले. आज पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें बांधून हौशी लोक सुमारें पंचवीस मीटर खोल उतरतात. बोट डाव्या कुशीवर पडली आहे. लांकूड कुजून गेलें आहे, लोखंडी फांसळ्या उभ्या आहेत, त्यांवर मऊ पोवळीं वाढलीं आहेत व मधून बारीक पारदर्शक मासळीचे थवे फिरतात. उरलेल्या आठ हजार पौंडांविषयींचे तर्क मात्र वरच्या होड्यांत अजून चालतात.