महसीरच्या डोहाचा पत्ता

मोठा मासा गळाला लागला, तर तो जगाला सांगावा काय? आणि सांगायचाच, तर डोहाचे नावही सांगावे काय? गळ टाकणाऱ्यांच्या जगात हा वाद आज मोबाइलवरील छायाचित्रांमुळे पेटतो. पण दक्षिण भारतात तो निदान दीडशे वर्षे जुना आहे. या धाग्यात कावेरीच्या महसीरची हकिकत आहे. या माशाचे वजन जगभर गाजले, डोह जगभर गाजले, आणि मासा मात्र शास्त्रीय नावावाचून जवळजवळ संपला.

आरंभ पुण्याजवळ होतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सैन्यातील अधिकारी. खडकीच्या लढाईत लढलेला हा माणूस पुढे दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमला गेला. पिके, पर्जन्यमान, लोकसंख्या यांच्याबरोबर त्याने पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३९ सालचा. साइक्सची एक सवय मराठी वाचकाला सुखावणारी आहे : नव्या जातींना लॅटिन नावे देताना तो पुष्कळदा स्थानिक नावेच उचलीत असे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीरला त्याने ‘खुदरी’ हे नाव दिले. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाला ‘मुसल्ला’. ही दोन्ही नावे पुढे कावेरीपर्यंत पोहोचणार होती, आणि त्यांतील एक चुकीच्या माशाला चिकटणार होते.

साइक्सने आपल्या नोंदीत नदी सांगितली, गाव सांगितले, अंतरही सांगितले. शास्त्राला हे आवश्यकच असते. कोणता नमुना कोठून आला हे ठाऊक नसेल, तर जातीचे वर्णन अधांतरी राहते. पत्ता सांगण्याचा हा पहिला हेतू शिकारीचा नव्हता, ही गोष्ट पुढील कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिकारीचा पत्ता छापला तो हेन्री सलिव्हन थॉमस याने. मद्रास मुलकी सेवेतील हा अधिकारी. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झाले. विलायतेतील सामन माशापुढे हिंदुस्थानातील मासे गळकऱ्याला कमी पडतात, असे तेव्हाचे साहेबी मत होते. थॉमसने ते उलटे केले : वजनास वजन धरले, तर महसीर सामनपेक्षा अधिक झुंज देतो. कावेरीच्या खोऱ्यातील, पाठीवर बैलासारखे वशिंड असलेला महसीर इंग्रजी वाचकांसमोर ठळकपणे आला तो याच पुस्तकातून. १८८१ आणि १८९७ साली पुढील आवृत्त्या निघाल्या. छावणीत कंटाळलेला लेफ्टनंट, जिल्ह्यात एकटा पडलेला कलेक्टर, मळेवाला, रेल्वेचा इंजिनिअर, अशा सर्वांच्या सामानात आता गळाची काठी आली.

थॉमसला केवळ हौशी म्हणून बाजूला सारणे मात्र अन्यायाचे होईल. दक्षिण कानडा जिल्ह्यात असताना त्याने मत्स्यसंवर्धनावर सरकारला अहवाल दिला होता. बारीक आसाची जाळी, पाण्यात कालवलेले विष, यांमुळे पिल्लेच नष्ट होतात आणि गरिबाच्या ताटातील मासा जातो, ही त्याची तक्रार होती. फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील अहवालही १८७३ चाच. या दोघांनी लावून धरलेल्या प्रश्नाला १८९७ सालच्या भारतीय मत्स्य अधिनियमात उत्तर मिळाले. डायनामाइट आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. ज्या मंडळींनी डोहांची जाहिरात केली, त्याच मंडळींच्या ओरडीमुळे हा कायदा झाला. प्रसिद्धीच्या बाजूने यापेक्षा मजबूत साक्ष मिळणे कठीण.

तथापि त्या ओरडीत एक खोट होती. साहेबाची काठी तेवढी ‘खेळ’ आणि भोयाचे जाळे तेवढे ‘नासाडी’, अशी विभागणी तीत मुरलेली होती. डोहाचा ‘शोध’ लावला असे साहेब लिहीत असे. त्या डोहाकडे नेणारा वाटाड्या, आमिषाला नाचणीचा गोळा मळून देणारा माणूस, तो शोध पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. गुप्त ठिकाण म्हणजे बहुधा परक्याला ठाऊक नसलेले ठिकाण, एवढाच त्याचा अर्थ.

पुढचा काळ विक्रमांचा. १९१९ साली मेजर रिव्हेट-कार्नॅक याने कावेरीत ११९ पौंडांचा महसीर धरला. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील डी वेट व्हॅन इंगेन याने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचोपन्न किलोंचा, मासा काढला. हे घराणे वाघ-बिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरण्याच्या कसबासाठी प्रसिद्ध होते. शिकारीचे स्मारक करणे हा त्यांचा व्यवसायच. दोन वर्षांनी, १९४८ साली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने मॅक्डोनल्ड याचे ‘सर्कम्व्हेंटिंग द महसीर’ हे पुस्तक काढले. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील मासेमारीची ती जणू वाटाडी पोथी होती. गंमत अशी की ती हाती येईपर्यंत तिचे बहुतेक गिऱ्हाईक बोटीत बसून मायदेशी निघाले होते.

त्यानंतर सुमारे तीस वर्षे शांतता. या काळात नदीवर काठ्या नव्हत्या, छायाचित्रे नव्हती, विक्रम नव्हते. प्रसिद्धी हाच शत्रू असता, तर माशाला हा सुवर्णकाळ ठरायला हवा होता. तसे झाले नाही. मेट्टूर धरण १९३४ पासून उभे होते. त्याआधी कृष्णराजसागर झाले. १९७४ साली काबिनीवर धरण आले. ज्या नदीत विक्रमी मासा लागला, तिचाच प्रवाह अडला. महसीर विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. भिंत त्याला ओलांडता येत नाही. खाणी आणि रस्त्यांच्या कामांमुळे सुरुंगाची दारू सहज मिळू लागली, आणि एका स्फोटात अख्खा डोह पांढऱ्या पोटांनी भरून जाऊ लागला. १८९७ चा कायदा कागदावर होता. तो नदीकाठी उभा करायला माणूस नव्हता.

१९७७ साली ‘ट्रान्स वर्ल्ड फिशिंग टीम’ या नावाने तिघे इंग्रज तरुण महसीर शोधीत भारतात आले. तोपर्यंत विलायतेत बहुतेकांनी हा मासा संपला असे धरले होते. त्यांना तो कावेरीत सापडला आणि बातमी फुटली. जुनी पुस्तके फडताळातून बाहेर आली, नवे गळकरी बंगळूरला उतरू लागले. येथे वाईट शेवटाची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने नदीचे पट्टे भाडेपट्ट्याने घेतले होते, पहारेकरी ठेवले होते. पुढे सरकारी जंगल लॉजेसच्या भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमाकळी या छावण्या उभ्या राहिल्या. नियम एकच : मासा धरा, तोला, छायाचित्र काढा, परत सोडा. पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण आता वाटाडे आणि राखणदार झाले. जिवंत मासा दर हंगामी पैसा आणतो. मेलेला एकदाच विकला जातो. हा हिशोब गावाला समजला. विशेष म्हणजे हे सारे चालले होते ते वीरप्पनचा वावर असलेल्या जंगलपट्ट्यात, जिथे सरकारी गस्तही बिचकत जाई.

येथपर्यंतची कथा प्रसिद्धीच्या बाजूने जाते. पुढची तितकी सरळ नाही.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने मत्स्यबीज केंद्र उभारले. पश्चिम घाटातील धरणांमुळे महसीर धोक्यात आला, तेव्हा धरणे बांधणाऱ्यांनीच त्याची पैदास करावी, ही कल्पना स्तुत्यच. तिथे साइक्सच्या ‘खुदरी’ची, म्हणजे निळसर परांच्या दख्खनी महसीरची, अंडी फळवण्यात आली आणि बोटुकली देशभर वाटली गेली. त्यांतील काही कावेरीत पोहोचली. महसीर तो महसीर, नदीला मासा मिळाला, असा सद्‌भाव त्यामागे होता. परंतु कावेरीचा वशिंडवाला महसीर निराळा होता, आणि तो किती निराळा आहे हे कोणालाच नीट माहीत नव्हते.

गालिबोरे छावणीतील वह्या येथे कामी आल्या. कोणी किती तास गळ टाकला, काय लागले, वजन किती, याची नोंद तिथे ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदींचा अभ्यास एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. सुमारे २३ हजार तासांची मासेमारी, ६ हजारांहून अधिक महसीर, सर्वांत मोठा जवळपास ४७ किलोंचा. एकूण मासे वाढत होते. गळकरी खूश, छावणी खूश. पण आकडे वेगळे काढताच चित्र पालटले. वाढत होते ते निळ्या परांचे मासे. वशिंडवाले घटत होते, आणि जे मिळत ते मोठेच असत. लहान जवळजवळ दिसत नव्हते. म्हणजे नवी पिढी येतच नव्हती.

या एका निष्कर्षापाशी थांबायला हवे. मोठ्या माशासोबतचे छायाचित्र पाहणाऱ्याला वाटते की नदी भरभराटीत आहे. वशिंडवाल्याच्या बाबतीत ते छायाचित्र नेमके उलटे सांगत होते. गावात केवळ म्हातारेच उरावेत आणि पाहुण्यांनी त्यांच्या पांढऱ्या मिशांचे कौतुक करावे, तसा तो प्रकार. मिरवला जाणारा प्रत्येक राक्षसी मासा शेवटच्या पिढीतला होता. हे उमगले ते छायाचित्रांवरून नव्हे, तर कोणीही मिरवीत नसलेल्या लहान माशांच्या, रिकाम्या गेलेल्या तासांच्या कंटाळवाण्या नोंदींवरून. गळकऱ्याने काय जाहीर करावे, या प्रश्नाला ‘सगळे किंवा काहीच नाही’ याखेरीज हेही एक उत्तर आहे : विक्रम कमी सांगा, रिकामे दिवस अधिक सांगा.

वह्या २०१२ पाशी संपतात, कारण मासेमारीच संपली. कावेरीचा हा भाग अभयारण्यात येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात गळ टाकणे म्हणजे शिकारच, असा अर्थ लावून छावण्यांतील काठ्या बंद झाल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. माशाच्या तोंडात गळ रुतवून त्याला संरक्षण म्हणणे अनेकांना खटकते, आणि ते खटकणे प्रामाणिक आहे. मात्र काठ्यांबरोबर नदीकाठचे डोळेही गेले. संशोधकांनी इशारा दिला की दारू आणि जाळी घेऊन येणाऱ्यांना आता अडवणारे कोणी उरले नाही.

आणि नाव? दीडशे वर्षे हा मासा धरला, तोलला, छापला गेला. पण शास्त्रात तो कोण हे ठरलेले नव्हते. बराच काळ त्याला साइक्सचे ‘मुसल्ला’ हे नाव चिकटवले गेले. पुढे ध्यानात आले की घोड नदीतला तो मासा मुळात महसीरच नाही. साहेबांच्या काळात दिवाणखान्यात टांगलेली मुंडकी उरली. धरून सोडण्याच्या काळात नमुना मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीतून मिळालेल्या मोजक्या नमुन्यांचा अभ्यास होऊन २०१८ साली उत्तर आले : हा ‘टोर रेमादेवी’. केरळातील पांबार नदीतील माशांवरून २००७ सालीच या जातीचे वर्णन झाले होते. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांचे नाव तिला दिले गेले होते. ओळख पटली त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव नसलेल्या जातीला त्या यादीत जागा मिळत नाही; म्हणून इतकी वर्षे जगातला सर्वांत गाजलेला महसीर कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता.

आता पत्त्याचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढेही उभा आहे. २०१७ साली डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन परिस्थितिकी-तज्ज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणे छापू नयेत, कारण शोधनिबंध वाचून तस्कर पोहोचतात. साइक्सने ज्या मोकळेपणाने नदी, गाव आणि अंतर लिहिले, तो मोकळेपणा आज जोखमीचा ठरतो. जैवविविधतेच्या नोंदी ठेवणारी अनेक संकेतस्थळे संकटग्रस्त जातींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम पुसट करून दाखवतात.

याच्या अगदी उलट टोकाला महाड तालुक्यातील वाळण कोंड आहे. काळ नदीच्या या डोहात महसीर आहेत हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. लोक काठावर उभे राहून त्यांना खाऊ घालतात आणि मासे वर येऊन तो खातात. डोह वरदायिनी देवीचा, म्हणून तिथे गळ पडत नाही, जाळे पडत नाही. पत्ता उघडा, मासाही उघडा. साइक्सने मुळा-मुठेत टिपलेला खुदरी हाच. त्या दोन नद्यांच्या संगमावर आज पुणे वसले आहे, आणि तिथल्या पुलावरून खाली पाहणाऱ्याला त्या पाण्यात महसीर शोधण्याचे कारण उरलेले नाही.